विश्लेषण : रॉकफेलरच्या तेलसाम्राज्याला हादरा देणाऱ्या आयडा टार्बेल कोण होत्या?

आंतरराष्ट्रीय स्पर्धा कायद्याचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्यांना ‘स्टँडर्ड ऑइल’ खटला टाळता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये दिलेला हा निकाल मक्तेदारीविरोधी कायद्याचा मैलाचा दगड मानला जातो. पण या कंपनीचे व्यवहार पुराव्यांनिशी लोकांसमोर मांडले ते कोणा वकिलाने नव्हे, तर आयडा टार्बेल या पत्रकार महिलेने.

तेलाशी संबंध कसा आला?

टार्बेल यांचा जन्म १८५७ चा, पेनसिल्व्हेनियातला. दोनच वर्षांनी जवळच्या टायटसव्हिल येथे तेल लागले. वडील फ्रँकलिन तेल साठवण्यासाठी लाकडी टाक्या बनवत. पुढे ते तेल उत्पादनातही उतरले. १८७२ मध्ये रेल्वे कंपन्या आणि जॉन रॉकफेलर यांच्यासह काही मोठ्या तेलशुद्धीकरण व्यावसायिकांमध्ये गुप्त करार झाला. करारातल्यांना मालवाहतुकीत घसघशीत सवलत, बाहेरच्यांना चढे दर आणि त्या चढ्या दरातला वाटाही करारातल्यांनाच, अशी ती योजना होती. तेलपट्ट्यात उद्रेक झाला आणि योजना बारगळली. मात्र तोवर रॉकफेलर यांनी क्लीव्हलँडमधील २६ पैकी २२ प्रतिस्पर्धी गिळंकृत केले होते. १४ वर्षांच्या आयडाने वडिलांची घुसमट घरातच पाहिली.

पत्रकारितेकडे कशा वळल्या?

अ‍ॅलेगेनी कॉलेजातून १८८० मध्ये पदवी घेतली, तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. काही काळ शिक्षिकेची, मग संपादनाची नोकरी केली. १८९१ मध्ये त्या तुटपुंज्या बचतीवर पॅरिसला गेल्या. लेख विकून पोट भरत त्यांनी सोर्बोनमध्ये व्याख्याने ऐकली आणि अभिलेखागारांत बसून मूळ कागदपत्रे वाचण्याची सवय लावून घेतली. हीच सवय पुढे कामी आली.

स्टँडर्ड ऑइलचा तपास कसा झाला?

‘मॅक्लूर्स’ मासिकात नोव्हेंबर १९०२ पासून त्यांची १९ भागांची लेखमाला सुरू झाली. या वाटेला जाऊ नकोस, असे वडिलांनी बजावले होते. टार्बेल यांनी न्यायालयीन साक्षी, चौकशी समित्यांचे अहवाल आणि जुनी वृत्तपत्रे धुंडाळली. कंपनीचे बडे अधिकारी हेन्री रॉजर्सही त्यांच्याशी बोलत राहिले. मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या मालाची खबर रेल्वेकडून कंपनीला मिळते, हे दाखवणारी कागदपत्रे छापून आली आणि रॉजर्स यांनी दार बंद केले.

टीका कोणती झाली?

भाऊ विल्यम ‘प्युअर ऑइल’ या प्रतिस्पर्धी कंपनीत असल्याने त्यांच्या तटस्थतेवर प्रश्नचिन्ह लागले. घरची जखम लेखणीत उतरली, असा आक्षेप आजही घेतला जातो. तरीही लेखमालेचा कणा कागदपत्रांचा होता. शिवाय रॉकफेलर यांचे संघटनकौशल्य त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. कंपनी मोठी आहे, ही त्यांची तक्रार नव्हती. ती कोणत्या मार्गाने मोठी झाली, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढे काय घडले?

सरकारने १९०६ मध्ये १८९० च्या शर्मन कायद्याखाली खटला भरला. १९११ मध्ये कंपनीचे ३४ तुकडे करण्याचा आदेश कायम झाला. स्पर्धेला अवाजवी अडथळा आणणारे वर्तनच बेकायदा, हा निकष याच निकालाने रुजवला. १९१४ मध्ये अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन स्थापन झाले. गमतीचा भाग असा, की तुकड्यांच्या समभागांचे भाव वधारले आणि रॉकफेलर आणखी श्रीमंत झाले. टार्बेल यांचे १९४४ मध्ये ८६ व्या वर्षी निधन झाले.

आज महत्त्व काय?

भारताचा २००२ चा स्पर्धा कायदाही बाजारातील वर्चस्वाला नव्हे, तर वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई करतो. तंत्रज्ञान कंपन्यांच्या खटल्यांत आज देशोदेशीचे नियामक हाच फरक तपासत आहेत. टार्बेल यांनी मालगाड्यांच्या दरपत्रकांत तो शतकापूर्वीच शोधला होता.