रविवारच्या सुट्टीचे मानकरी : नारायण मेघाजी लोखंडे

उत्सवाची बैठक असो की नाटकाची तालीम, आपण ती रविवारी ठेवतो. कापड गिरण्यांतल्या कामगारांना मात्र हा रविवार सहा वर्षे मागून मिळवावा लागला. त्यांच्या वतीने तो मागणारे होते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले. जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घरची गरिबी असूनही ते मॅट्रिकपर्यंत शिकले. त्या शिक्षणावर रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी मिळाली, पुढे मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. गिरणीत त्यांना दिसली ती शिक्षणाची सावलीही न पडलेली माणसे. रत्नागिरी, सातारा, पुणे इकडून पोटासाठी आलेली ही मंडळी मुकादमाच्या मर्जीवर कामाला लागत. गावाकडून नवे हात सतत येत असल्याने मजुरी वाढवून मागण्याची सोय नव्हती. पगार हाती उशिरा पडला की वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज वाढे.

जोतीराव फुले यांचे सहकारी असलेल्या लोखंडे यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधू’ पत्राची धुरा घेतली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरवून त्यांनी ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, आणि अपघातात जायबंदी झालेल्याला पगार चालू. मजुरीचा दर वाढवा, असे त्यात नव्हते. पण वेळेवर मिळालेला पगार व्याजाला जात नाही, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला ना वर्गणी होती, ना निधी, ना नियमावली. संप लढवण्याइतके बळ तिच्यात नव्हते. बळ होते सह्यांचे आणि सभांचे. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे १०,००० कामगार आले, दोन स्त्रियांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी झालेल्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी देशभरच्या कारखान्यांना लागू झाली. आपला धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता; त्यामुळे हा कायदा इथल्या कारखान्यांपर्यंतही पोचला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हजारो कामगार गावी परतले. लोखंडे मात्र रुग्णांच्या सेवेसाठी थांबले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. वय पन्नाशीच्या आतच होते.

पोटासाठी गाव सोडून कृष्णा ओलांडून इकडे आलेल्या आपल्या पूर्वजांना हे आयुष्य परके वाटले नसते. मुलांना शिकवा आणि एकट्याने मागू नका, या दोन गोष्टी त्यांनीही अनुभवानेच जाणल्या होत्या.