मुदगडचे हरिश्चंद्र, पुण्याचे मामा

लातूर म्हटले की आज प्रथम आठवतात ते दहावी-बारावीचे निकाल, शिकवणी वर्गांचे फलक आणि ‘लातूर पॅटर्न’. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या जागांसाठी रात्र-रात्र जागणाऱ्या मुलांच्या या शहराचे नाव एकेकाळी वेगळ्याच कारणाने गाजले होते. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावचा एक शेतकरीपुत्र वयाच्या एकोणिसाव्या वर्षी महाराष्ट्र केसरी झाला, विसाव्या वर्षी त्याने राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक आणले आणि पुढे उत्तरेच्या सतपालला चीत करून मराठी मुलखात आख्यायिका बनला. हरिश्चंद्र बिराजदार हे त्यांचे नाव. कुस्तीच्या जगात मात्र ते अखेरपर्यंत ‘मामा’ म्हणूनच ओळखले गेले.

बिराजदारांचा जन्म १९५० चा. हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. निलंगा तालुका त्या वेळी बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो अहमदपूर आणि उदगीरसह द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला. लातूर जिल्हा अस्तित्वात आला तो १९८२ साली. म्हणजे गाव तेच, शिवार तेच, पण पत्त्यातील जिल्हा दोनदा आणि राज्यही दोनदा बदलले. सरहद्दीवरच्या अशा प्रदेशाकडे राजधानीचे लक्ष सहसा उशिरा जाते. रस्ते, वीज, शाळा, दवाखाने यांची जिथे वानवा, तिथे खेळाचा विचार कोण करणार?

तरीही या भागात कुस्ती नव्हती असे म्हणता येणार नाही. मराठवाड्यातील गावोगावी मारुतीच्या देवळाजवळ तालमीची एखादी खोली असे आणि तिच्यातील लाल मातीत पोरे घुमत. लातूरच्या सिद्धेश्वराची महाशिवरात्रीची यात्रा असो वा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा, कुस्त्यांच्या फडाशिवाय ती पुरी होत नसे. लहानग्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मोठ्यांच्या नारळावर, पटक्यावर किंवा रोख इनामावर. हलगी घुमू लागली की आसपासच्या दहा-वीस गावांतील माणसे मैदानाभोवती कडे करून बसत आणि शेवटची कुस्ती सुटेपर्यंत हलत नसत. या भागातला गडी पहिली कुस्ती खेळे तो अशाच फडात.

उणीव होती ती त्यापुढच्या पायरीची. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, तालमी उभ्या केल्या आणि १९१२ साली खासबागेचे भव्य मैदान बांधले. त्या आश्रयावर तिथे वस्तादांच्या पिढ्या घडल्या. निजामी राजवटीतील मराठी मुलखाच्या वाट्याला असे काही आले नाही. शिवाय पैलवानकी हा खर्चाचा व्यवहार. रोज पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका मारायच्या, दिवसातून दोनदा मातीत उतरायचे, तर अंगाला तसा खुराकही हवा. दूध, तूप, बदामाची थंडाई हे एका दिवसाचे नव्हे, वर्षानुवर्षांचे मागणे. पावसाच्या भरवशावर ज्वारी आणि तूर पिकवणाऱ्या घराला ते परवडणारे नव्हते. एका मुलाच्या खुराकासाठी अवघ्या घराने तोंडाला मुरड घालायची, हाच मराठवाड्यातल्या बहुतेक पैलवानांच्या चरित्राचा पहिला अध्याय असतो.

म्हणून ज्याला खरोखर मोठे व्हायचे, त्याला गाव सोडावे लागे. बिराजदारांनीही कोल्हापूर गाठले. सीमावर्ती मराठवाड्याची बोली बोलणारा हा पोरगा तिथल्या तालमींत रुळला, तिथल्या मल्लांच्या बरोबरीने घुमला आणि काही वर्षांतच त्यांच्या पुढे गेला. त्यांच्यासाठी कोल्हापूर ही पंढरी खरी. पण वारकऱ्याला पंढरीहून घरी परतता येते. पैलवानाला तसे परतता येत नाही. मैदाने, वस्ताद आणि जोडीदार जिथे, तिथेच त्याचे घर. बिराजदारांचे पुढचे सारे आयुष्य कोल्हापूर आणि पुणे या दोन शहरांशी बांधले गेले ते यामुळेच.

महाराष्ट्र केसरी हा किताब त्या वेळी नवा होता. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये औरंगाबादेत त्याचा आरंभ केला आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. गणपत खेडकर आणि चंबा मुतनाळ या दोघांनी हा मान दोन-दोनदा मिळवला. १९६९ साली अधिवेशन लातूरला भरले आणि तेथे बिराजदारांनी किताब जिंकला. ज्या मुलाला शिकण्यासाठी दूर जावे लागले, त्याने राज्यातील सर्वोच्च मान मिळवला तो आपल्याच माणसांसमोर. निलंगा, औसा, उदगीरकडच्या कुस्तीशौकिनांना यापेक्षा अधिक काय हवे होते!

पुढच्याच वर्षी, जुलै १९७० मध्ये, स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्या स्पर्धेत भारताला एकंदर पाच सुवर्णपदके मिळाली आणि पाचही कुस्तीतली होती. ॲथलेटिक्स, जलतरण, सायकलिंग अशा खेळांतून एकही नाही. पाचांपैकी एक सुवर्ण बिराजदारांचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकून मराठी मल्लविद्येला जगाच्या नकाशावर नेले होते. त्यानंतर अठरा वर्षांनी मराठवाड्याचा एक मल्ल परदेशातील विजयमंचाच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहिला.

या विजयाचे मोल समजायचे तर माती आणि गादी यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. मातीतली कुस्ती मुळात चीत होईपर्यंतची. ती पाच मिनिटांत संपेल किंवा तासभर चालेल. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल. तिथे दम, ताकद आणि धीर यांना महत्त्व. गादीवर सारे वेगळे. वेळ ठरलेली, प्रत्येक पकडीला गुण, आणि पाय मातीत रुतत नसल्यामुळे हालचाल कितीतरी वेगवान. लंगोट कसून लाल मातीत वाढलेल्या गड्याला गादीवर उतरताच आपले अंगच परके वाटू लागे. नियमही अनोळखी, नुसते सावध राहून, झोंबी लांबवून तिथे भागत नाही, उलट तो दोष ठरतो. मराठी मुलखातील अनेक नामवंत मल्ल मातीत अजिंक्य असूनही गादीवर फिके पडले. बिराजदारांना दोन्ही साधले. त्या काळात खेड्यातल्या पैलवानाला गादी पाहायला मिळणेही दुर्मीळ होते, हे लक्षात घेतले की एडिंबरोच्या सुवर्णाची झळाळी अधिकच वाढते.

देशी मैदानांतही त्यांची घोडदौड चालू राहिली. ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा मानाचा किताब त्यांना मिळाला. मात्र सामान्य कुस्तीशौकिनाच्या मनात त्यांचे नाव कोरले गेले ते पदकामुळे नव्हे, तर एका लढतीमुळे.

सत्तरीच्या दशकात दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा सतपाल हा झंझावात होता. १९७४ मध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले होते. पुढे १९८२ च्या दिल्ली एशियाडचे सुवर्णही त्यानेच जिंकले. ऑलिंपिकमध्ये दोन पदके मिळवणारा सुशीलकुमार हा त्याचाच शिष्य. उंचापुरा, देखणा, चपळ असा हा मल्ल महाराष्ट्रातील मैदानांवर उतरला की तिकिटांसाठी झुंबड उडे. त्याच्याशी कोण भिडणार आणि कोण टिकणार, याची चर्चा तालमीतच नव्हे तर चहाच्या टपरीवर आणि एसटीच्या बाकावरही रंगे. उत्तर विरुद्ध दक्षिण असा रंग त्या कुस्त्यांना आपोआप चढत असे, आणि आयोजकांनाही तो हवाच असे.

१९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात बिराजदार आणि सतपाल समोरासमोर आले. बिराजदार सत्तावीस वर्षांचे, सतपाल त्यांच्याहून सुमारे पाच वर्षांनी लहान. वयाचा आणि वेगाचा लाभ सतपालच्या बाजूने होता, तर अनुभव आणि मातीची जाण बिराजदारांच्या. त्या दिवशी बिराजदारांनी सतपालला अस्मान दाखवले. बेळगाव हा मुळातच कुस्तीवेडा, मराठी-कानडी सरमिसळीचा मुलूख. तिथून ही वार्ता कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, नांदेडपर्यंत पसरली. घरोघरी दूरचित्रवाणी नसलेल्या त्या काळात ही कुस्ती डोळ्यांनी पाहणारे मोजकेच, पण तिचे वर्णन ऐकलेले असंख्य. आजही मराठवाड्यातील जुनी मंडळी ती लढत स्वतः पाहिल्यासारखी सांगतात. त्यातला प्रत्येक जण बेळगावला गेला होता असे मानले, तर ते मैदान पुरले नसते!

पैलवानाचे वैभव अल्पायुषी असते. तिशी उलटली की गुडघे, खांदे, मान हिशेब मागू लागतात. ज्यांना नोकरी नाही, शेती कोरडवाहू आहे, त्यांच्या नशिबी नंतर हालच येतात. नामवंत मल्लांनी मिळालेली पदके ट्रंकेत ठेवून तुटपुंज्या मानधनाची वाट पाहिल्याची उदाहरणे महाराष्ट्रात कमी नाहीत. बिराजदारांनी दुसरा मार्ग धरला. ते वस्ताद झाले. पुण्यातील गोकुळ वस्ताद तालीम ही त्यांची कर्मभूमी ठरली आणि येथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा, आणि खरे तर अधिक मोठा, भाग सुरू होतो.

पुण्याची ही तालीम त्यांच्या काळात मराठवाड्यातील मुलांचे माहेरघर बनली. लातूर, बीड, उस्मानाबादकडची मुले पत्र्याची पेटी आणि सोबत बांधून दिलेली भाकरी घेऊन मामांच्या दारात येत. कोल्हापूरला जाताना जे परकेपण बिराजदारांनी भोगले असेल, ते या मुलांच्या वाट्याला आले नाही. आपली बोली बोलणारा, आपल्या गावाकडचा दुष्काळ ठाऊक असलेला वस्ताद त्यांना लाभला. ‘मामा’ हे संबोधन त्यातूनच अर्थपूर्ण ठरते. वस्ताद म्हणजे धाक. मामा म्हणजे धाक आणि आधारही. आपल्याकडे पोरगे शिकायला शहरात धाडायचे तर आधी मामाचेच घर शोधतात.

या शिष्यांपैकी काका पवार हे लातूर जिल्ह्यातलेच. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले, अर्जुन पुरस्कार मिळवला आणि पुढे स्वतः पुण्यात कुस्ती संकुल उभारून वस्तादकी पत्करली. दुसरा शिष्य बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. त्यांनी मुलाला लहान वयातच मामांच्या हाती सोपवले. २००८ मध्ये पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत राहुलने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा मामा हयात होते. केंद्र सरकारने जीवनभराच्या क्रीडासेवेसाठी दिल्या जाणाऱ्या ध्यानचंद पुरस्काराने बिराजदारांचा गौरव केला, तोही त्यांच्या उत्तरायुष्यातच. मल्ल म्हणून मिळवायचे ते त्यांनी विशीत मिळवले होते. वस्ताद म्हणून केलेल्या कामाची नोंद व्हायला बराच काळ गेला.

सप्टेंबर २०११ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, बिराजदारांचे निधन झाले. राहुल आवारे तेव्हा उमेदीच्या वयात होता आणि मोठे आंतरराष्ट्रीय यश अजून दूर होते. गुरूचे छत्र हरपल्यावर तो काका पवारांच्या तालमीत गेला. म्हणजे घर बदलले तरी घराणे तेच राहिले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची दारे त्याच्यासाठी उघडली नाहीत, आणि त्या निवडीवरून महाराष्ट्रात बरीच नाराजीही व्यक्त झाली. एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेच्या ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत राहुलने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवून सुवर्ण मिळवले. ते पदक त्याने दिवंगत मामांना अर्पण केले. एडिंबरो आणि गोल्ड कोस्ट यांत अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर. स्पर्धा तीच, रंग तोच. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदकही जिंकले.

एक खंत मात्र उरते. मराठवाड्याच्या मल्लाला आजही मोठे व्हायचे तर पुण्याची किंवा कोल्हापूरची गाडी पकडावी लागते. गादी, प्रशिक्षक, आहार आणि व्यायामतज्ज्ञ या आधुनिक कुस्तीच्या गरजा तालुक्याच्या गावी भागत नाहीत. बिराजदारांनी आपल्या मुलखातील पोरांसाठी जे घर उभारले, तेही मुलखाबाहेरच. यात त्यांचा दोष नाही. साधने जिथे होती तिथेच त्यांना उभे राहावे लागले.

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांच्याच तालमीतले, म्हणजे बिराजदार मामांच्या तिसऱ्या पिढीतले. हर्षवर्धनने अवघ्या एका गुणाच्या फरकाने बाजी मारली आणि विजयी घोषणा होताच हरलेल्या जोडीदाराला खांद्यावर उचलून घेत मैदानात फिरवले.