रँग्लर परांजपे आणि त्यांचे शिक्षक

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडल्या की पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या आपल्या भागातील अनेक पालकांपुढे एक प्रश्न उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी सहावी-सातवीत आहे, गणितात चांगली गती आहे. तर मग आठवी-नववीचे बीजगणित आणि भूमिती आताच सुरू करावी काय? शेजारचा मुलगा फाउंडेशन क्लासला जाऊ लागलेला असतो. क्लासची फी ओव्हरटाइम करून भरावी लागणार असते. शिकविले नाही तर मूल मागे पडेल अशी धास्ती, आणि शिकविले व झेपले नाही तर पैसा जाईल, शिवाय मुलाच्या मनात गणिताची भीती बसेल अशी दुसरी धास्ती. हुशार मुलाला वर्षभर तेच तेच करायला लावले तर त्याचे मन उडते, हेही खरेच.

या प्रश्नाचा विचार करताना महाराष्ट्रातील एका थोर गणितज्ञाचे चरित्र उपयोगी पडेल. ते म्हणजे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविणारे हे पहिले भारतीय. मात्र त्यांचे चरित्र एकट्याचे सांगता येत नाही. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शिक्षकाचे चरित्र आधी सांगावे लागते.

हे शिक्षक म्हणजे धोंडो केशव कर्वे, ज्यांना पुढे सारा देश महर्षी कर्वे म्हणून ओळखू लागला. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे झाला. हे गाव खेड तालुक्यातले. आपल्या चाकणचा खेड तालुका नव्हे, रत्नागिरी जिल्ह्यातला खेड. बालपण गेले दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावी. घरची गरिबी. त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झाली म्हणजे शिक्षकाची किंवा लहानशी सरकारी नोकरी मिळे. परीक्षेला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. धोंडो सतरा वर्षांचा झाला आणि सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला निघाला. अंतर सुमारे ११० मैल. पावसापाण्यातून, सह्याद्रीचा घाट चढून ही मुले साताऱ्यास पोहोचली. परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी धोंडोच्या लहानखुऱ्या शरीराकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे ठरवून त्याला परत पाठविले. वयाचा दाखला पुढे केला, तोही चालला नाही. पुढे कोल्हापूरला जाऊन त्याने तीच परीक्षा दिली आणि तो पास झाला.

इंग्रजी शिक्षणाला तर आणखी उशीर झाला. रत्नागिरीला गेले, आजारी पडले, परत आले. मग मुंबई गाठली. १८८१ साली कर्वे मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने सांगायचे तर ज्या वयात आपली मुले इंजिनियर होऊन कंपनीत लागतात, त्या वयात हे गृहस्थ दहावी पास झाले. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित हा विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि मुंबईत शिक्षकाचा पेशा पत्करला. पहाटेपासून शिकवण्या, दिवसा शाळा, पुन्हा शिकवण्या, असा त्यांचा दिवस असे. मिळकत बेताची, तरी नात्यातील आणि ओळखीतील होतकरू मुलांना ते आपल्या बिऱ्हाडी ठेवून घेत आणि शिकवीत.

अशा मुलांपैकी एक होता रघुनाथ परांजपे. जन्म १६ फेब्रुवारी १८७६, गाव मुर्डी, तेही दापोली तालुक्यातच. नात्याने तो अण्णा कर्वे यांचा भाऊ, पण वयाने १८ वर्षांनी धाकटा. मुलाची बुद्धी तल्लख होती यात शंका नाही. पण तल्लख बुद्धीची मुले कोकणातल्या गावोगावी होती. मुंबईच्या शाळेत जाणाऱ्या या मुलाच्या घरातच गणिताचा शिक्षक होता, आणि त्या शिक्षकाने स्वतः एकेक पायरी कष्टाने चढलेली होती. कुठे अडते हे अशा माणसाला इतरांपेक्षा चांगले कळते. रघुनाथला कुठली पायरी पक्की झाली, कुठली राहिली, हे पाहणारा माणूस रोज त्याच्यासमोर होता.

१८९१ साली कर्वे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. या कॉलेजात त्याआधी लोकमान्य टिळक गणित शिकवीत असत. ते संस्था सोडून गेल्यावर ही जागा भरावयाची होती. पुढे रघुनाथही फर्ग्युसनमध्येच शिकला. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत तो अव्वल येत गेला. १८९६ साली भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

केंब्रिजची गणिताची परीक्षा ट्रायपॉस या नावाने जगभर प्रसिद्ध होती. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्या सर्वांत पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. १८९९ साली हा मान रघुनाथ परांजपे यांना जॉर्ज बर्टविसल या विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला. गोऱ्या साहेबाच्या राज्यात, साहेबाच्या विद्यापीठात, साहेबाच्या भाषेत एक कोकणी मुलगा पहिला आला. हिंदुस्थानभर त्याचे कौतुक झाले. त्या वेळी परांजपे २३ वर्षांचे होते.

हा २३ चा आकडा विद्यार्थी मित्रांनी ध्यानात ठेवावा. ज्या वयात गुरू मॅट्रिक झाला, त्याच वयात शिष्य केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला. एक उशिरा चालू लागला, एक लवकर. पण उशिरा चालू लागलेल्याने वाट दाखविली नसती, तर लवकर निघालेल्याला ती इतकी सोपी गेली नसती. आपला मुलगा इतरांच्या मागे राहिला म्हणून निराश झालेल्या पालकांनी कर्व्यांकडे पाहावे. आणि आपला मुलगा फार पुढे आहे म्हणून हरखून गेलेल्या पालकांनी, परांजप्यांच्या घरी कोण होते, हे पाहावे.

मायदेशी परतल्यावर परांजप्यांना मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची सेवा पत्करली. दरमहा ७५ रुपये पगारावर तेथील आजीव सदस्य काम करीत. १९०२ साली, वयाच्या २६ व्या वर्षी, ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि सुमारे दोन दशके त्यांनी ती धुरा वाहिली. प्राचार्य असतानाही ते वर्गात गणित शिकवीत. गंमत अशी की ज्या अण्णांनी त्यांना शिकविले, ते अण्णा १९१४ पर्यंत याच कॉलेजात त्यांच्या हाताखाली प्राध्यापक होते. गुरूला त्यात कमीपणा वाटला नाही.

कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा परांजपे त्याचे कुलगुरू झाले. १९२१ साली ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९२३ साली, प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पुढे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर आणि शेवटी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, अशी पदे त्यांनी भूषविली. त्यांची कन्या शकुंतला हिनेही केंब्रिजला जाऊन गणिताचाच अभ्यास केला. गणित हा मुलांचा विषय आहे, मुलींनी त्यात पडू नये, असे मानणाऱ्या पालकांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. अण्णा कर्वे १९५८ साली भारतरत्न झाले व १९६२ साली, वयाच्या १०५ व्या वर्षात, निवर्तले. परांजपे ६ मे १९६६ रोजी नव्वदीत कालवश झाले.

आता या चरित्रावरून आपल्या प्रश्नाकडे वळू या.

पहिली गोष्ट, घाईची. ज्या परीक्षेत परांजपे पहिले आले, त्या परीक्षेतील क्रमवारी जाहीर करण्याची पद्धत केंब्रिजने १९०९ नंतर बंद केली. पहिला क्रमांक मिळविण्यासाठी विद्यार्थी खासगी कोच लावीत आणि ठराविक प्रकारची उदाहरणे झटपट सोडविण्याची तालीम करीत. त्यामुळे खरे गणित मागे पडते, अशी तेथील विचारी गणितज्ञांची तक्रार होती. जी शर्यत केंब्रिजने घातक म्हणून बंद केली, ती आपण सातवीच्या मुलांमध्ये लावावी काय, याचा विचार झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट, सोबतीची. श्रीनिवास रामानुजन यांना कोवळ्या वयातच वरच्या वर्गांची गणिताची पुस्तके हाती लागली. त्यांची प्रतिभा अलौकिक होती. पण जवळ मार्गदर्शक नव्हता आणि इतर विषयांकडे लक्ष राहिले नाही. परिणामी कुंभकोणमच्या कॉलेजातील शिष्यवृत्ती गेली आणि मद्रासच्या कॉलेजातूनही ते परीक्षेत नापास झाले. पुढे प्रोफेसर हार्डी यांनी १९१४ साली त्यांना केंब्रिजला बोलावून घेतले, म्हणून जगाला ते कळले. रामानुजनसारख्यालाही सोबतीवाचून इतके सोसावे लागले, तेथे आपल्या मुलांची काय कथा?

तिसरी गोष्ट, पायाची. बीजगणिताला जगभर जे नाव मिळाले ते नवव्या शतकातील बगदादच्या अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथाच्या नावातील अल-जब्र या शब्दावरून. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांच्या हिशेबाचा आहे. व्यापार, जमिनीची मोजणी, मिरासीचे हिस्से, अशा रोजच्या गरजांतून हा विषय पायरीपायरीने मांडला गेला. हिस्से म्हणजे अपूर्णांक. ज्या मुलाचे अपूर्णांक कच्चे आहेत, त्याच्यापुढे क्ष आणि य मांडून काय उपयोग?

आपल्यापैकी पुष्कळ पालक कारखान्यात काम करतात. लेथवर एकदम खोल कट घेतला तर टूल मोडते आणि जॉब वाया जातो. अगदी वरवर कट घेत बसले तर दिवस संपतो, काम संपत नाही. धातू पाहून, टूल पाहून कट किती घ्यावा हे ठरते. मुलाच्या शिक्षणातही हाच न्याय आहे.

तेव्हा पालकांनी क्लासची फी भरण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी आणि गुणोत्तर-प्रमाण ही उदाहरणे मूल न अडखळता करते काय, आणि तेच धाकट्या भावंडाला समजावून सांगू शकते काय? शाब्दिक उदाहरण वाचून त्याला ते उमगते काय? कारण उर्दू माध्यमातील मूल गणितात नव्हे तर भाषेत अडलेले असते, असे पुष्कळदा दिसते. मुसल्लस, त्रिकोण आणि ट्रँगल ही एकाच आकृतीची तीन नावे आहेत, हे कुणीतरी त्याला सांगावे लागते. पुढचे गणित मूल स्वतः मागते आहे, की आपणच त्याच्यासाठी मागतो आहोत? आणि अडले तर विचारायला कोण आहे? शाळेतील शिक्षक, शेजारची कॉलेजात शिकणारी मुलगी, मोठा भाऊ, कुणीही चालेल, पण कुणीतरी हवे.

याची परीक्षा बिनखर्चाने घेता येते. बालभारतीची पुस्तके मराठी, उर्दू, इंग्रजी अशा माध्यमांत मोफत उतरवून घेता येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुढच्या इयत्तेचे गणिताचे पुस्तक मुलाच्या हाती द्यावे. रोज एक तास. महिनाभराने मूल आनंदाने पुढे जात असेल तर त्याला अडवू नये. वय लहान आहे एवढ्या कारणाने परत पाठविणे म्हणजे साताऱ्याच्या त्या अधिकाऱ्यांचीच चूक करणे होय. मूल कंटाळले, रडकुंडीस आले, तर पुस्तक मिटून ठेवावे आणि त्याबद्दल त्याला बोल लावू नये. एका वर्षाने तेच पुस्तक त्याला सोपे वाटेल. वर्षभर थांबल्याने कुणाचे भविष्य बुडत नाही. कर्वे तर सात-आठ वर्षे मागे होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे गणितात पुढे आहेत त्यांच्यावर एक जबाबदारीही आहे. मोहल्ल्यातील एखाद्या मागे राहिलेल्या मुलाला आठवड्यातून दोन दिवस शिकवा. अण्णा कर्व्यांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीत दुसऱ्यांची मुले शिकविली, म्हणून महाराष्ट्राला रँग्लर परांजपे मिळाले. आपल्या वस्तीतही एखादा मुलगा, एखादी मुलगी अशीच वाट पाहत असेल. तिला शिकविणारा मिळाला, तर इन्शाअल्लाह तीही फार दूर जाईल.