प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद (जन्म : सुरत, १८३१, मृत्यू : मुंबई, १९०६) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे नामांकित दलाल, कापूस आणि सोने-चांदीचे व्यापारी व दानशूर गृहस्थ होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईत जी शेअरची लाट उसळली, तिचे ते सूत्रधार मानले जातात. पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून नावारूपास आलेल्या दलालांच्या संघटनेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्या देणगीतून उभा राहिला.

पूर्वायुष्य

प्रेमचंदांचा जन्म गुजराती भाषक जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद यांचा इमारती लाकडाचा व्यापार होता. प्रेमचंद लहान असतानाच कुटुंब सुरतेहून मुंबईस आले. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी इंग्रजी शिक्षण घेतले. इंग्रजी बोलता, वाचता आणि लिहिता येणारे ते मुंबईतील पहिले देशी दलाल, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १८४९ च्या सुमारास ते एका दलालाकडे मदतनीस म्हणून लागले आणि काही वर्षांतच स्वतंत्र धंदा करू लागले. त्या काळी दलालांना स्वतःची इमारत नव्हती. टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली ते जमत आणि तेथेच सौदे होत.

कापूस आणि आगाऊ बातमी

१८६१ पूर्वी इंग्लंडमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा हिस्सा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाड येथील कापूस मुंबईच्या वखारींकडे धावू लागला.

वऱ्हाड प्रांत निजामाने १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या हवाली केला होता. त्याचा आग्नेयेकडील भाग म्हणजे आजचा यवतमाळ जिल्हा. त्या शतकात त्यास वणी जिल्हा म्हणत. तेथील काळ्या जमिनीत कापूस पूर्वीपासून पिकत होता. मात्र युद्धाच्या पहिल्या वर्षांत या भागात आगगाडी आलेली नव्हती, त्यामुळे माल बैलगाड्यांनी शेकडो मैल न्यावा लागे. मुंबईहून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे तेजी ओसरल्यावर. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद मापाची गाडी तर विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली.

कापसाचा भाव मुंबईत ठरत नसे, तो लिव्हरपूलमध्ये ठरे. तेथील बातमी सुएझमार्गे टपालाच्या आगबोटीने येत असल्याने ती कित्येक आठवडे जुनी असे. जो ती आधी मिळवील, त्यास इतरांपूर्वी खरेदी-विक्री करता येई. प्रेमचंदांनी बंदराबाहेर लहान होड्या पाठवून येणाऱ्या आगबोटींवरील बातमी किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच हस्तगत करण्याची व्यवस्था केली होती, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या भाकितांचे बहुतांश रहस्य येथेच असावे. आज भावांचे आलेख व कालचक्रे पाहून बाजाराची दिशा सांगणाऱ्या शास्त्रास तांत्रिक विश्लेषण म्हणतात. परंतु त्याचा पाया घालणारे अमेरिकन पत्रकार चार्ल्स डाऊ (१८५१–१९०२) त्या वेळी शाळकरी वयाचे होते. प्रेमचंदांजवळ आलेख नव्हते. त्यांच्याजवळ होती बातमी, सर्व थरांतील माणसांची ओळख, आणि ते घेतात ते इतरांनीही घ्यावे असे लोकांना वाटायला लावणारी पत. या शेवटच्या गोष्टीमुळे त्यांचे भाकीत स्वतःच भाव वाढवीत असे, आणि त्यातच पुढील अनर्थाचे बीज होते.

शेअरची लाट

कापसाच्या नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड अधिक रक्कम या पाच वर्षांत मुंबईस मिळाली, असा अंदाज इतिहासकारांनी दिला आहे. एवढा पैसा गुंतवण्यास शहरात पुरेसे उद्योग नव्हते, म्हणून नव्या कंपन्या काढल्या जाऊ लागल्या. जानेवारी १८६५ पर्यंत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि २० विमा कंपन्या झाल्या होत्या. १८६४ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर गेली.

एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन ही बँक आणि समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी स्थापन झालेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी, या दोन्ही उपक्रमांत प्रेमचंद अग्रभागी होते. बॅकबेच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्या घरात गेला. नव्या कंपनीचे शेअर कोणास द्यावयाचे हे पुष्कळदा प्रेमचंदांच्या शब्दावर ठरे, त्यामुळे त्यांच्या घरी सकाळपासून इच्छुकांची रीघ लागत असे. या गर्दीत इंग्रज अधिकारी, व्यापारी आणि कारकून असे सर्व थरांतील लोक होते.

बँक ऑफ बॉम्बे ही १८४० मध्ये स्थापन झालेली आणि सरकारचे भांडवल असलेली बँक होती. १८६३ च्या कायद्याने तिला खाजगी कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. बँकेच्या कारभाऱ्यांवर प्रेमचंदांचा प्रभाव इतका होता की त्यांना व त्यांनी शिफारस केलेल्यांना पुरेशा तारणावाचून मोठमोठ्या रकमा मिळत गेल्या. शेअर घेण्यासाठी कर्ज आणि कर्जासाठी तेच शेअर तारण, असे हे चक्र होते. भाव चढत होते तोवर कोणासही त्यात धोका दिसला नाही.

१ जुलै १८६५

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली शरण आले. ही बातमी मुंबईत येताच कापसाचे भाव कोसळले आणि त्यापाठोपाठ शेअरचेही. १ जुलै १८६५ हा असंख्य वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणेकऱ्यांजवळ पैसा नव्हता आणि शेअरना गिऱ्हाईक नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. त्याच वर्षी इराणच्या आखातातून येणारी तार कराचीमार्गे लंडनशी जोडली गेली, म्हणजे होडीने बातमी आधी मिळवण्याची सद्दीही संपत आली होती.

१८६६ मध्ये प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद झाली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने बँकेच्या व्यवहारांतील प्रेमचंदांचा वाटा उघड केला. ठेवीदार व लहान भागधारक यांची जी वाताहत झाली, तिची जबाबदारी एकट्या प्रेमचंदांवर टाकणे सोयीचे होते. परंतु कायदा सैल करणारे सरकार आणि डोळे मिटून सही करणारे संचालक हेही तितकेच दोषी होते. १८७२ पर्यंत शहराची लोकसंख्या ६ लाख ४४ हजारांवर उतरली. ग्रामीण भागात कापसाच्या भावावर विसंबून कर्ज काढलेल्या शेतकऱ्यांस भाव पडल्याचा फटका बसला. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेल्या दख्खनच्या दंग्यांच्या कारणांत इतिहासकार या घसरणीचाही उल्लेख करतात.

कालचक्राचा सिद्धान्त

व्यापारी संकटे ठरावीक कालावधीने येतात काय, हा प्रश्न त्या पिढीतील अर्थशास्त्रज्ञांस पडला होता. इंग्लंडमधील विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८७८ मध्ये १८२५, १८४७, १८५७ आणि १८६६ यांसारख्या संकटांच्या वर्षांत सुमारे साडेदहा वर्षांचे अंतर दाखवून त्याचा संबंध सूर्यावरील डागांशी जोडला. सूर्याच्या तेजातील फरकाने हिंदुस्थानातील पाऊस व पीक कमी-अधिक होते, त्यानुसार येथील लोकांची कापड घेण्याची ऐपत बदलते आणि तिचा परिणाम इंग्लंडच्या व्यापारावर होतो, अशी त्यांची मांडणी होती. पुढे सूर्यावरील डागांचे आवर्तन सुमारे ११ वर्षांचे ठरल्याने हा मेळ बिघडला. मुंबईतील १८६५ चा कोसळलेला बाजार तर युद्धाच्या समाप्तीने पडला होता, आणि ती कोणत्याही आवर्तनात बसणारी नव्हती. तथापि कालचक्रावरून भाव सांगण्याची कल्पना टिकून राहिली. टेक्सासच्या कापूस पिकवणाऱ्या भागात १८७८ मध्येच जन्मलेले विल्यम डेल्बर्ट गॅन यांनी पुढे तिचा मोठा प्रसार केला.

उत्तरायुष्य

दिवाळ्यानंतर प्रेमचंद पुन्हा दलालीकडे वळले आणि त्यांनी धंदा नव्याने उभा केला. पूर्वीचे ऐश्वर्य परत आले नाही, पण बाजारातील मान बऱ्याच अंशी परतला. ९ जुलै १८७५ रोजी मुंबईतील दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तीत प्रेमचंद प्रमुख होते. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दिनशा वाच्छा यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले असून ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

देणग्या

प्रेमचंदांच्या बहुतेक मोठ्या देणग्या तेजीच्या वर्षांतील आहेत. मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लाख रुपये आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये त्यांनी दिले. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव देण्यात आले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेल्या या २८० फूट उंच मनोऱ्याचे बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झाले. राजाबाई अंध होत्या व सूर्यास्तापूर्वी भोजनाचा जैन नियम पाळता यावा म्हणून घड्याळाचे टोले त्यांच्यासाठी होते, अशी लोकप्रिय कथा आहे. सुरतेतील मुलींची शाळा आणि अहमदाबादचे अध्यापक महाविद्यालय यांनाही त्यांचे साहाय्य झाले. कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या २ लाख रुपयांतून प्रेमचंद रायचंद विद्यावृत्ती सुरू झाली. आशुतोष मुखर्जी आणि इतिहासकार जदुनाथ सरकार हे तिचे मानकरी होते.