कृष्णाजी बल्लाळ देवल
कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगली येथील संगीतशास्त्राचे अभ्यासक होते. डेप्युटी कलेक्टरच्या पदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी बावीस श्रुतींच्या मोजमापास वाहून घेतले. तारेची लांबी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते व तोच षड्ज वरच्या सप्तकात ऐकू येतो. दोन तृतीयांश ठेवली की पंचम मिळतो. याच नियमाच्या आधारे गायकाच्या गळ्यातील स्वर तारेवर जुळवून त्यांनी लांबी मोजली. या प्रयोगांत अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य झाले. १९१० साली देवलांचा श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांचा मुख्य आक्षेप प्रचलित पेटीवर होता आणि तो निराधार नव्हता. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरल्यास स्वाभाविक शुद्ध गांधार ३०० कंपनांचा, तर समविभागी पेटीवरील गांधार सुमारे ३०२.४ कंपनांचा येतो. दोन्ही एकदम वाजल्यास सेकंदाला दोन-तीन विस्पंद ऐकू येतात. तयार कानास ते खुपतात. न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्या पुढाकाराने श्रुतींची पेटी तयार झाली. मात्र बडोद्याच्या १९१६ च्या संगीत परिषदेत ती जाणकारांच्या पसंतीस उतरली नाही. भातखंडे यांनाही ही मांडणी अमान्य होती. गायक तोच स्वर रागागणिक किंचित चढाउतरा लावतो, ही अडचण तारेच्या मापाने सुटणारी नव्हती.