तालमीतला पदवीधर : खाशाबा जाधव

वाचकहो, तालीम हा शब्द आपल्या घरात एका अर्थाने वापरला जातो आणि गावात दुसऱ्या अर्थाने. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. सातारा-सांगलीकडच्या मराठीत तालीम म्हणजे लाल मातीचा हौद, जोर-बैठका आणि वस्तादांचा धाक. वस्ताद हा शब्दही उस्ताद या शब्दावरूनच आलेला. हे दोन्ही अर्थ ज्याने आपल्या आयुष्यात एकत्र आणले, अशा कृष्णाकाठच्या एका विद्यार्थ्याची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील शेतकरी आणि स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा धाकटे. या भागात कुस्तीला जातधर्माची आडकाठी नव्हती. गावच्या जत्रेत जशा कुस्त्या होत तशाच उरुसातही होत आणि एकाच हौदातील माती सर्वांच्या अंगाला लागे. शेतातील कामे सांभाळून खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले.

हे कॉलेज 1880 पासूनचे. शिवाजी विद्यापीठाची स्थापना व्हायला तेव्हा बराच अवकाश होता आणि दक्षिण महाराष्ट्रातील मुलांना उच्च शिक्षणासाठी याच कॉलेजचा मोठा आधार होता. ज्या शाहू महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभे केले, त्यांनीच खासबागेचे प्रचंड कुस्ती मैदानही बांधले. ग्रंथ आणि आखाडा यांचे वैर नाही, ही शिकवण त्या शहराच्या हवेतच होती.

1948 साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. पण तेथे गेल्यावर एक अडचण पुढे आली. आपला मल्ल मातीत वाढलेला आणि तेथील कुस्ती गादीवरची. नियम निराळे, गुण देण्याची पद्धत निराळी. तरीही ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवून त्यांनी 52 किलो वजनगटात सहावा क्रमांक मिळवला. परत आल्यावर ते अपयश उगाळीत बसले नाहीत. गादीवरचे डाव शिकून घेणे हाच पुढील चार वर्षांचा अभ्यास त्यांनी ठरवला.

1952 चे ऑलिंपिक फिनलंडमधील हेलसिंकीला होते. प्रथम त्यांची निवडच झाली नव्हती. त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली. निवड झाली, पण पैसा कोठून आणायचा? कराडच्या व्यापाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी यथाशक्ती मदत केली. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. हा मुलगा त्यांचा नातेवाईक नव्हता, फक्त त्यांच्या कॉलेजचा विद्यार्थी होता.

हेलसिंकीत 57 किलो गटात खाशाबांनी कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना धूळ चारली. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची प्रदीर्घ झुंज झाली. ती इशी यांनी जिंकली आणि पुढे सुवर्णपदकही तेच घेऊन गेले. या दमछाकीनंतर पुरेशी विश्रांती मिळण्याआधीच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशी लढण्यासाठी खाशाबांना बोलावणे आले. विश्रांतीचा हक्क मागण्यासाठी आपला कोणीही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. ती कुस्ती गेली. तरीही कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील हे पहिले वैयक्तिक पदक. दुसरे मिळायला 1996 साल उजाडावे लागले.

कराडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गाड्यांची संख्या शंभराच्या वर होती. पण गुलाल धुऊन निघाला तरी कर्जाचा विसर खाशाबांना पडला नाही. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदकाएवढेच मोल या गोष्टीला आहे.

1955 साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. बढती मिळण्यासाठी त्यांना अनेक वर्षे वाट पाहावी लागली. शेवटी सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत एकही पद्म किताब त्यांच्या वाट्याला आला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, तोही मरणोत्तर. 2010 साली दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाची फी एखाद्या अनोळखी दात्याने भरली असेल, कोणाला वसतिगृहात जागा मिळाली असेल, कोणाला शिष्यवृत्ती. ती कोणाच्या तरी पोटाला चिमटा घेऊन आलेली असते. खाशाबांनी आपले ऋण आठवणीने फेडले. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या मागून येणाऱ्या एका मुलाची किंवा मुलीची फी भरा. आणि ज्यांच्या हातात संस्था आहेत त्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती : पुस्तकात फारसे न रमणारा एखादा मुलगा मैदानावर चमकत असेल, तर त्याला वर्गातून वजा करू नका. खर्डेकरांनी तो केला असता, तर हेलसिंकीचे पदक गोळेश्वरला आलेच नसते.