राखेच्या पाण्यातला कापूस

गेल्या महिन्यात फतेगंजला आमच्या घराजवळच्या मेडिकलमध्ये मम्मीच्या फिटच्या गोळ्या संपल्या होत्या. निजामपुऱ्यात दुसऱ्या कंपनीच्या मिळाल्या. चालतील का, म्हणून डॉक्टरांना फोन केला, ते हो म्हणाले आणि विषय तिथेच मिटला. मी मात्र त्या रात्री डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबद्दल वाचत बसलो.

जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि सप्टेंबर 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. वय अठ्ठावीससुद्धा नाही. ते तिकडे असतानाच इकडे वडील गेले, तरी ते परतले नाहीत.

1940 मध्ये ते उत्तर चीनमध्ये जपानी फौजांच्या पाठीमागच्या डोंगराळ भागात पोचले. शहरं आणि रेल्वे जपान्यांकडे, खेडी आठव्या मार्ग सेनेकडे. नाकेबंदीमुळे मीठ, कापड, औषधं, सगळ्याचीच टंचाई. म्हणून गावातला साधा कापूस राखेच्या पाण्यात उकळून त्यातलं तेल काढायचं, की तो जखमेवर ठेवण्याजोगा व्हायचा. चिमटे बांबूचे. पट्ट्या धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बांधायच्या. आधीचे कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून 1939 मध्ये ऑपरेशन करताना बोट कापून, रक्तात विष भिनून गेले होते. हातात रबरी मोजे नव्हते. त्यांच्याच नावाच्या इस्पितळाचे कोटणीस जानेवारी 1941 मध्ये प्रमुख झाले. ही खुर्ची किती जणांनी आनंदाने घेतली असती, कोण जाणे!

खाणं म्हणजे बहुतेक बाजरीसारखं बारीक धान्य. 1942 च्या दुष्काळात लोक झाडपाला खाऊ लागले, तेव्हा गावाजवळच्या झाडांची पानं सैनिकांनी तोडू नयेत, ती गावकऱ्यांना राहू द्यावीत, असा हुकूम सेनापती न्ये रोंगझेन यांना काढावा लागला. पानांवर हुकूम! मला हे दोनदा वाचावं लागलं.

पाठ्यपुस्तकंही नव्हती. कोटणीस चिनी शिकले, चिनीतच शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेचं पुस्तक स्वतःच लिहायला बसले. एक भाग पूर्ण झाला, दुसरा राहिला. मधल्या काळात नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न झालं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

त्यांना फिट येत होत्या. उपचारासाठी दुसरीकडे जा, असं सुचवलंही गेलं होतं, पण इस्पितळ सोडून ते गेले नाहीत. 9 डिसेंबर 1942 ला अशाच झटक्यांत ते वारले. वय बत्तीस, मुलगा साडेतीन महिन्यांचा.

व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला. मम्मीने तो लहानपणी टीव्हीवर पाहिला होता म्हणे. ते कशाने गेले, हे मात्र तिला आठवत नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा ती काही बोलली नाही. उठली आणि रात्रीची गोळी घेतली.